कुलपावरचा लाल बाण

शर्ट नेहमी आधी उलटा करून बघायचा. बाहेरून सगळेच शर्ट चांगले दिसतात. आत शिवण सुटलेली असते, धागे लोंबत असतात, बगलेत दोन कापडं एकमेकांना धरूनच नसतात. तेवीस वर्षं मी हेच बघितलं. रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात हे काम करणाऱ्या बाईला चेकर म्हणतात.

आमचा कारखाना नवी मुंबईत, दिघ्याच्या आमच्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर, एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर. एका हॉलमध्ये शिलाई मशीनच्या चार रांगा, मागे इस्त्रीची टेबलं आणि खिडकीजवळ आम्ही तिघी चेकर. डाव्या हाताला शिवून आलेला गठ्ठा घ्यायचा. एकेक शर्ट उलटा करायचा आणि कॉलर, खांदा, बगल, काजं, घेर असं बोट फिरवत जायचं. डोळ्यांच्या आधी बोटाला कळतं. चूक सापडली की तिथे लाल बाणाचं चिमुकलं स्टिकर लावायचं, टोक चुकीकडे करून. मग तो शर्ट शिवणाऱ्या बाईकडे परत जातो. याला अल्टर म्हणतात. दुरुस्त होऊन आला की जिने बाण लावला तिनेच तो पुन्हा बघायचा आणि तिनेच बाण काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, सुपरवायझरनेसुद्धा नाही. हा हॉलचा नियम. सगळं नीट असेल तर गोल पांढरं स्टिकर लागतं, त्यावर चेकरचा नंबर असतो. माझा नंबर चौदा. मी आयुष्यात फार कुठे गेले नाही, पण माझा चौदा नंबर खोक्यांत बसून न्हावा शेवाला गेला, तिथून बोटीने अमेरिकेला गेला.

मला चारचौघांत बोलता येत नाही. कानशिलं तापतात, गळा बंद होतो. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही बाईंनी प्रश्न विचारला की मी पाटीकडे बघत उभी राहायची. चेकरला बोलावं लागत नाही. तिच्या वतीने बाण बोलतो.

माझ्या शेजारच्या टेबलावर ताराबाई होती. ती खाडीकाठच्या गावातली. त्यांच्या शेताच्या जागी कंपन्या आल्या, घरी भाड्याच्या चार खोल्या झाल्या, पण घरात बसून तिला करमायचं नाही. ती माझ्या वाटणीचंही बोलायची. एकदा अमेरिकेतल्या कुत्र्यांसाठी चौकड्यांच्या शर्टांची ऑर्डर आली होती. ताराबाईने एक हातात धरून सगळ्या हॉलला दाखवला. "बगा गो! कुत्र्याला कॉलर हाय, बटनं हायत. माझे नवऱ्याला सनाला नवा बनियान नाय." मशिनी थांबवून बायका हसल्या. मी मात्र त्या ऑर्डरीतले बरेच शर्ट परत पाठवले. कुत्रं झालं म्हणून काय, त्याचीही बगल काचायला नको.

आता कुलपाची गोष्ट. ती सांगायची तर आधी माझी चूक सांगायला हवी.

हॉलला दोन दारं. पुढचं मोठं, तिथे जिना आणि वॉचमन. मागचं लहान, इस्त्रीच्या टेबलांच्या पलीकडे, त्याच्या बाहेर लोखंडी जिना. दुपारी आम्ही त्या जिन्यावर डबा खायचो. खाडीवरचा वारा यायचा. एके दिवशी पॅकिंगला सात शर्ट कमी पडले. आमचे सुपरवायझर माने. माणूस वाईट नाही, पण आवाज भोंग्यासारखा. त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "सकाळी मोजलेले शर्ट गेले कुठं?" सकाळी ते मीच मोजले होते. संशय माझ्यावर येईल या भीतीने, कधी नव्हे ते, सगळ्यांसमोर माझ्या तोंडून वाक्य निघालं, "मागच्या दारानेच गेले असतील."

त्याच दुपारी मागच्या दाराला आतून कडी घालून कुलूप लागलं.

पाच दिवसांनी ते शर्ट मला सापडले. मोठ्या मापाचे सात शर्ट मधल्या मापाच्या खोक्यात होते. दोन्ही मापांचा कपडा एकच, लेबलाचा रंग एकच. ते तिथे मीच घातले होते. मी गुपचूप योग्य खोक्यात ठेवले. माने समोरून दोनदा गेले, मी मान वर केली नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला. कुलूप राहिलं. एकदा कुलूप बसलं की मग ते का बसलं हे कुणी विचारत नाही.

त्याला सहा वर्षं झाली. दार बंदच म्हणून त्याच्यापुढे कापलेल्या मालाचे गठ्ठे रचायला लागले. वर्षातून एकदा माल विकत घेणाऱ्या पार्टीचा माणूस तपासणीला यायचा, त्या दिवशी गठ्ठे हलायचे, कुलूप मानेंच्या ड्रॉवरमध्ये जायचं. माने आदल्या दिवशी बायकांना शिकवायचे, "दार कायम उघडं असतं बोलायचं. काय?" आणि मला त्या दिवशी गोदामात बटणं निवडायला बसवायचे. म्हणायचे, "ही मावशी घाबरून खरं बोलून टाकंल."

आमची मुलगी सुजाता तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. इतिहास विषय. तिला मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ होत नाही. रविवारी मी मेथी निवडत होते आणि ती खाटेवर बसून अमेरिकेचा इतिहास वाचत होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या तिकडच्या गोष्टी. शहरं भराभर वाढली, कारखाने वाढले, लहान पोरं खाणीत जायची, डब्यातल्या मटणात काय काय भरायचे. मग वर्तमानपत्रातले लोक हे उघड करून छापायला लागले. शिकलेल्या बायका गरिबांच्या गल्लीत राहायला गेल्या. कामगारांनी संप केले. एकामागून एक कायदे करायला लावले. मी ऐकत होते आणि नव्हतेही. मग तिच्या वाचण्यात शिलाई मशीन आली, आणि माझा हात थांबला.

न्यूयॉर्कमध्ये एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यांवर बायकांचे ब्लाउज शिवायचा कारखाना होता. कामाला बहुतेक मुलीच, दुसऱ्या देशांतून पोटासाठी आलेल्या. त्यांनी आधी संपही केला होता. शनिवारची कारखाना सुटायची वेळ. कापलेल्या चिंध्यांना आग लागली. एका बाजूच्या दाराला कुलूप होतं. एकशे शेहेचाळीस माणसं गेली.

"कुलूप का होतं म्हणालीस?" मी विचारलं.

"कपडा चोरीला जाऊ नये म्हणून. सगळ्यांनी एकाच दाराने जायचं, पिशवी दाखवून."

"किती चोरी झाली होती?"

"ते नाही दिलंय गं इथे. परीक्षेत नाही विचारत ते."

ती पुढे वाचत गेली. ती आग रस्त्यावर उभं राहून बघितलेली एक बाई होती. ती नंतर कायदे करणाऱ्या साहेबांना कचेरीतून उठवून कारखाने दाखवायला घेऊन गेली. एका ठिकाणी मालक म्हणाला, आमच्याकडे बाहेर पडायची सोय आहे. सोय म्हणजे भिंतीत एक भोक आणि पलीकडे बर्फ साचलेली लोखंडी शिडी. बाईने एका साहेबाला त्या भोकातून रांगत बाहेर जायला लावलं. मग कायदे झाले. कामाच्या वेळी दाराला कुलूप नको. दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. बाहेर पडायचा सराव घेतला पाहिजे.

"आणि आई, त्या बायकांना तेव्हा मत द्यायचाही हक्क नव्हता," सुजाता म्हणाली.

मी माझ्या बोटाकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून या बोटाला मी दर निवडणुकीला शाई लावून घेत आले होते.

"आपल्याकडे आहे का असा दाराचा कायदा?"

"आहे की. कधीचा आहे."

म्हणजे कायदाही होता आणि कुलूपही होतं. मेथी निवडून संपली होती तरी मी नुसती देठं मोडत बसले होते. आमच्या हॉलमध्ये आम्ही बावन्न बायका होतो. ते कुलूप माझ्या एका वाक्याने लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गठ्ठ्यांमधून आडवी होऊन मागच्या दारापाशी गेले आणि कुलपावर लाल बाण लावला.

संध्याकाळी मानेंना तो दिसला. "कुणी लावला हा? खेळ चाललाय काय?" त्यांनी नखाने खरवडायला सुरुवात केली.

ताराबाई जागेवरूनच ओरडली, "ओ माने, बान काढाचा नाय! चेकरचा हाय तो. रूल तुमचाच ना?"

हॉल हसला. मानेंनी बाण काढला. दुसऱ्या दिवशी मी परत लावला. त्यांनी काढला, मी लावला. असं आठ-दहा दिवस चाललं. बायका पाणी प्यायच्या निमित्ताने बघून यायच्या, आज आहे की नाही. ताराबाईने ओळखलं होतं, पण विचारलं नाही. एका दुपारी नुसती म्हणाली, "तुझे रोलमधले बान लय खपतात हल्ली."

माने काही आंधळे नव्हते. एके दिवशी माझ्या टेबलापाशी आले आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "मावशी, तुमीच ना? तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती. उद्या परत दिसला तर परवापासून घरी बसा."

माझे यजमान कामाला होते ती कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं. घर माझ्यावर चालत होतं. सकाळी डबा भरताना पोळ्या खाली पडल्या. सुजाता म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, एक पीस अडकलाय." कारखान्यात गेले आणि मशिनी सुरू व्हायच्या आधी कुलपावर बाण लावला.

मानेंनी तो बघितला, साहेबांना जाऊन सांगितलं आणि बटणं आणायला तुर्भ्याला निघून गेले. मला केबिनमध्ये बोलावणं आलं. देसाई साहेब सहा महिन्यांपूर्वीच मॅनेजर म्हणून आले होते. त्यांच्या केबिनमध्ये मी कधी गेले नव्हते.

"तर दाराला बाण लावणाऱ्या तुम्ही? बसा."

मी बसले नाही.

"दार हा काय माल आहे का, बाई?"

मी पायांकडे बघत म्हटलं, "चूक दिसली की बाण, साहेब. अल्टर झाल्याशिवाय पुढे नाही."

"काय चूक आहे त्याच्यात?"

आता सगळं सांगायला हवं होतं. पाटीकडे बघायला पाटीही नव्हती. तेव्हा मला ती भोकातून साहेबाला रांगायला लावणारी बाई आठवली. तिनेही नुसतं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "या साहेब. दाखवते."

ते उठले, हे त्यांचं मोठेपण. मी पुढे, साहेब मागे. मशिनींच्या रांगेतून गेलो. इस्त्रीच्या टेबलापाशी वाट अरुंद झाली. साहेब अंगाने भरलेले, त्यांना आडवं व्हावं लागलं. एका गठ्ठ्यावरून चढून जावं लागलं. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला निळ्या कापडाची धूळ लागली. शेवटी दारापाशी पोचलो.

"उघडा," साहेब म्हणाले.

"चावी मानेंकडे."

"माने कुठे?"

"तुर्भ्याला."

"दुसरी चावी असेल ना?"

इस्त्रीवाली म्हणाली, "हाय ना साहेब. त्याच जुडग्यात हाय."

मशिनी एकेक करून थांबायला लागल्या. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. साहेबांनी फोन लावला. हॉल इतका शांत झाला की मानेंचा आवाज चौथ्या रांगेपर्यंत ऐकू आला, "साहेब, लय ट्रॅफिक हाय. पाऊण तास तरी लागंल."

ताराबाई उभी राहिली. "साहेब, तवर आग थांबल काय?"

साहेबांनी कुलूप एकदा ओढून बघितलं. दाराकडे तोंड करून तिथेच उभे राहिले. नंतर आले तसे आडवे होत परत गेले.

माने आल्यावर केबिनमध्ये आम्हा दोघांना बोलावलं. साहेब कुलूप काढा म्हणाले. माने हटून बसले. "साहेब, याच दाराने सात शर्ट गेलेत. परत गेले तर जबाबदार कोण?"

बोलायची वेळ माझी होती, आणि या वेळी दाखवायला काही नव्हतं. मी म्हटलं, "ते चोरीला गेले नव्हते. मी चुकीच्या खोक्यात घातले होते. पाच दिवसांनी मलाच सापडले."

माने माझ्याकडे बघत राहिले. "सहा वर्षं, मावशी?"

"हो."

"तेव्हाच बोलायचं ना."

त्या सहा वर्षांत काही झालं नाही, ते आमचं नशीब. त्यात माझी हुशारी काही नाही.

त्या संध्याकाळी कुलूप निघालं. पण अल्टर अर्धवटच झाला होता. कडी राहिली, ती घट्ट बसायची, दोन हातांनी ओढावी लागायची. मी कडीला बाण लावला. कडी बदलली. मग लक्षात आलं की दार आत उघडतं. बावन्न बायका मागून ढकलायला लागल्या तर ते उघडणार कसं? मी बिजागरीला बाण लावला. साहेब स्वतः बघायला आले. "चौदा नंबर, किती बाण आहेत हो तुमच्याकडे?"

"एका रोलमध्ये हजार असतात, साहेब."

हे मी बोलले यावर माझाच विश्वास बसला नाही. ताराबाई टेबलावर डोकं टेकून हसली.

महिन्याभरात नवं दार बसलं. लोखंडी, बाहेर उघडणारं, आतून आडवा दांडा. दांड्यावर पोट टेकलं तरी उघडतं. दारापासून पिवळ्या पट्ट्या मारल्या, त्यांच्या आत गठ्ठा ठेवायचा नाही. पिशव्या बघायच्याच होत्या, तर वॉचमनला खाली आवाराच्या फाटकाशी बसवलं. बाहेर पडायचा सराव सुरू झाला. पहिल्या वेळी फार हसू झालं. कुणी चपला शोधत होती, कुणी अर्धा शिवलेला शर्ट घेऊन खाली आली. ताराबाई डबा आणायला परत वर जायला निघाली. मानेंनी अडवलं तर म्हणाली, "बोंबील हायत त्यात!" पण तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत सगळ्या मिनिटभरात खाली यायला लागल्या.

साहेबांनी विचारलं, "आता झालं ओके? लावा दाराला तुमचा नंबर."

मी म्हटलं, "काही महिने चालवून बघितल्याशिवाय कसं, साहेब? नवीन कापडसुद्धा तुम्ही आधी धुऊन बघता."

सुजाताच्या परीक्षेत त्या आगीवर प्रश्न आलाच नाही. ती चिडली होती. तिचा प्रश्न मला आला होता, आणि निकाल अजून लागायचा होता.

तो पुढच्या वर्षी लागला. दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. पुढच्या दाराजवळ कापायचं टेबल होतं. त्याच्या खाली चिंध्यांची पोती असायची आणि वर विजेचा बोर्ड. बोर्डातून ठिणगी पडली. आधी वास आला, मग काळा धूर, आणि बघता बघता पुढचं दार दिसेनासं झालं. भोंगा वाजला. दोन बायका सवयीने पुढच्या दाराकडेच धावल्या. मी ओरडले, "मागे! मागच्या दाराने चला!"

तो माझाच आवाज होता. सगळ्या वळल्या. पिवळ्या पट्ट्यांमधून आम्ही चाललो. कुणाचा पाय गठ्ठ्याला अडला नाही. सगळ्यांत पुढे ताराबाई होती, तिने दांड्यावर दोन्ही हात मारले आणि दार बाहेर उघडलं. उजेड आला. लोखंडी जिन्यावर पायांचा आवाज नुसता धडधडत होता.

खाली अंगणात माने हजेरीची वही घेऊन उभे होते. एकेक नाव घेत होते. प्रत्येक नावाला कुणी ना कुणी ओ देत होती. माझं नाव शेवटी आलं. नाव घेतलंच नाही त्यांनी, म्हणाले, "चौदा नंबर?"

"आहे!" मी इतक्या जोरात म्हटलं की समोरच्या कंपनीतले लोक वळून बघायला लागले.

बावन्नच्या बावन्न. बंब आला, आग विझली. एक ऑर्डर जळून गेली, छत काळं झालं. कुणाला ओरखडाही नव्हता. वर डबे राहिले होते. ताराबाईने या वेळी बोंबलाचं नाव काढलं नाही. ती माझा हात धरून जमिनीवर बसली.

दुसऱ्या दिवशी हॉल धुवायला बोलावलं होतं. मी माझ्या ड्रॉवरमधून गोल पांढरं स्टिकर काढलं आणि मागच्या दाराला आतून, डोळ्यांच्या उंचीवर लावलं. मागे माने पाण्याचा पाइप धरून उभे होते.

"झाला पीस पास?"

"झाला."

मला काम सोडून दोन वर्षं झाली. ताराबाई अजून जाते. परवा आली होती, सांगत होती की हॉलला नवा रंग दिला. रंगाऱ्याने मागच्या दारावरचं स्टिकर खरवडायला पत्रा लावला, तेवढ्यात माने हॉलच्या त्या टोकाकडून ओरडले, "ए! चेकरचा नंबर हाय तो. हात नाय लावायचा."

रंगाऱ्याने त्याच्याभोवतीने रंग फिरवला.